जकार्ता कसे पाहावे: बंदरापासून आतल्या शहराकडे

जकार्ता पाहून परतलेल्या बहुतेक प्रवाशांच्या बोलण्यात दोनच गोष्टी येतात: वाहतुकीची कोंडी आणि मोठमोठे मॉल. त्यात त्यांची फारशी चूक नाही, कारण विमानतळावरून थेट मध्यभागातील हॉटेल गाठायचे, टॅक्सीने दोन-चार ठिकाणे उरकायची आणि बालीचे विमान पकडायचे, अशा क्रमाने गेले तर या शहराचा अर्थच लागत नाही. जकार्ता समुद्राकडून आत, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहावे. शहर वाढले ते याच दिशेने, आणि तसे वाढण्याचे कारणही पाणीच होते: बंदर गाळाने भरत गेले, कालवे सडले, रोगराई पसरली, पूर आले आणि दर वेळी शहराचे केंद्र थोडे थोडे दक्षिणेकडे सरकले. पुढील मांडणी चार दिवसांचा मुक्काम गृहीत धरून केली आहे. दिवस कमी असतील तर दक्षिणेकडचा भाग गाळावा, उत्तरेकडचा गाळू नये.

नकाशा आधी वाचावा

निघण्यापूर्वी अर्धा तास नकाशा समोर घेऊन बसणे उपयोगाचे ठरते. जावा बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, चिलिवुंग नदीच्या मुखाशी हे शहर वसले आहे, आणि दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून येणाऱ्या एकूण १३ नद्या त्यातून समुद्राकडे जातात. प्रशासकीय दृष्ट्या त्याचे पाच नगरविभाग आहेत: उत्तर, पश्चिम, मध्य, पूर्व आणि दक्षिण. सहावा विभाग समुद्रात आहे, तो म्हणजे ‘केपुलाउआन सरिबू’, अर्थात हजार बेटे. मोजली तर ती शंभरेकच भरतात. शहराच्या हद्दीत सुमारे एक कोटी लोक राहतात, परंतु बोगोर, देपोक, तांगरांग आणि बकासी ही जोडशहरे धरली की चित्र पार बदलते. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ मध्ये सलग वस्तीच्या निकषावर केलेल्या मोजणीत जकार्ता सुमारे ४ कोटी २० लाख लोकसंख्येसह जगातील सर्वांत मोठे शहर ठरले.

नकाशावरची नावे समजली तर अर्धे शहर समजते. ‘मुआरा’ म्हणजे नदीचे मुख, ‘रावा’ म्हणजे दलदल, ‘काली’ म्हणजे ओढा किंवा नदी, ‘तान्जुंग’ म्हणजे समुद्रात शिरलेले भूशिर, ‘सावाह’ म्हणजे भातखाचर आणि ‘कबोन’ म्हणजे बाग. ‘रावा बादाक’ हे उत्तरेकडच्या एका दाट वस्तीचे नाव आहे आणि त्याचा अर्थ होतो गेंड्यांची दलदल. ‘सावाह बसार’, म्हणजे मोठे खाचर, आज शहराच्या मध्यावर आहे. ज्या वस्तीच्या नावात रावा किंवा मुआरा आहे तिथे पावसाळ्यात हॉटेल घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. ही नावे हौसेने ठेवलेली नाहीत. मराठी माणसाला आणखी एक सोय आहे. ‘कोता’ हा शब्द आपल्या ‘कोट’ या शब्दाचा सोयरा असून त्याचा तिथला अर्थ शहर असा आहे. ‘बाहासा’ म्हणजे भाषा, ‘नगारा’ म्हणजे देश, ‘बूमी’ म्हणजे भूमी. खुद्द जकार्ता हे नाव ‘जयकर्ता’ या संस्कृत मुळाच्या नावावरून आले आहे. अर्थात या ओळखीच्या भरवशावर फार पुढे जाऊ नये, कारण ‘कपाला’ म्हणजे डोके आणि ‘कलापा’ म्हणजे नारळ, आणि या दोहोंत गोंधळ होण्यास दोन अक्षरांची अदलाबदल पुरते.

जाण्यापूर्वीची तयारी

भारतीय पारपत्रधारकांना विमानतळावर उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन अर्ज करून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याचे शुल्क ५ लाख रुपिया असून मुदत एकदा वाढवून घेता येते. आकड्याने दचकू नये. रुपियाचे आकडे मुळातच मोठे असतात आणि सर्वांत मोठी नोट एक लाखाची आहे. ‘रिबू’ म्हणजे हजार आणि ‘जुता’ म्हणजे दहा लाख, एवढे दोन शब्द पाठ केले की दुकानातील व्यवहार समजू लागतो. खानावळीच्या फलकावर नुसते २५ लिहिलेले असेल तर ते २५ हजार समजावे. घड्याळ भारताच्या दीड तास पुढे लावावे.

हवामानाच्या दृष्टीने जून ते सप्टेंबर हा काळ बरा. नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो आणि पुराचा धोका मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत असतो. ईदच्या आठवड्यात लाखो लोक गावी जातात, त्याला ‘मुदिक’ म्हणतात. त्या दिवसांत रस्ते मोकळे मिळतात, पण बऱ्याच खानावळी आणि दुकाने बंद असतात. बहुतेक वस्तुसंग्रहालये सोमवारी बंद असल्याने सोमवारी पोहोचणाऱ्याने पहिला दिवस बाजारांसाठी ठेवावा.

फिरण्यासाठी एखाद्या बँकेने काढलेले इलेक्ट्रॉनिक पैशांचे कार्ड पहिल्याच दिवशी घ्यावे. ते कोपऱ्यावरच्या छोट्या साखळी-दुकानांत मिळते आणि तिथेच त्यात पैसे भरता येतात. ट्रान्सजकार्ता या स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या बसमध्ये रोख रक्कम चालत नाही. ही सेवा जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली आणि तिचे भाडे कित्येक वर्षे ३,५०० रुपियांवर थांबलेले आहे. तिचा पहिला मार्ग ब्लोक एम ते कोता, म्हणजे उत्तरेकडचे जुने शहर, असा दक्षिणोत्तर धावतो, आणि माझ्या मते हे शहर समजून घेण्याचे त्याहून स्वस्त साधन नाही. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेली मेट्रो सध्या दक्षिणेकडील लबाक बुलुसपासून शहराच्या मध्यावरील बुंदारान हा-ई चौकापर्यंत १५.७ किलोमीटर धावते. तिथून उत्तरेला कोतापर्यंतचे काम दलदलीच्या जमिनीखालून चालले आहे. जवळच्या अंतरासाठी ॲपवरून मोटारसायकल बोलवावी. तिला ‘ओजेक’ म्हणतात आणि हेल्मेट चालकच देतो. निळी तीनचाकी दिसली तर तिचे नाव विचारावे. तिला तिथे ‘बजाज’ म्हणतात आणि उच्चार ‘बाजाय’ असा करतात. पुण्याच्या कंपनीच्या रिक्षा १९७० च्या दशकात तिकडे गेल्या आणि कंपनीचे नावच वाहनाचे सामान्यनाम होऊन बसले. तिला मीटर नसतो, म्हणून भाडे बसण्यापूर्वी ठरवावे.

पहिला दिवस: जुने बंदर

सकाळी लवकर, शक्यतो आठच्या आत, सुंदा कलापा गाठावे. जकार्ताचे मूळ बंदर ते हेच. बाराव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत ते सुंदाच्या हिंदू राज्याचे बंदर होते आणि मिरी हा तिथला मुख्य माल होता. त्या मिरीसाठी पोर्तुगीजांनी १५२२ मध्ये सुंदाच्या राजाशी करार केला आणि खूण म्हणून एक दगड रोवला. तो १९१८ मध्ये खोदकामात सापडला. परंतु किल्ला बांधायला पोर्तुगीज परत येईपर्यंत, १५२७ मध्ये, दमाक सल्तनतीच्या फताहिल्लाहने बंदर जिंकून त्याला जयकर्ता हे नाव दिले होते. २२ जून हा दिवस त्या घटनेचा मानून आजही शहराचा वाढदिवस साजरा होतो.

धक्क्यावर लाकडी गलबते ओळीने लागलेली असतात. त्यांना ‘पिनिसी’ म्हणतात. ती बांधण्याची कला दक्षिण सुलावेसीच्या लोकांची असून २०१७ मध्ये युनेस्कोने तिची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. आता या गलबतांना इंजिन असते, शिडे नावापुरती उरली आहेत, पण ती देखाव्यासाठी उभी केलेली नाहीत. कालिमंतान, म्हणजे बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग, आणि इतर बेटांवर सिमेंट, तांदूळ आणि घरगुती सामान नेण्याचे काम ती खरोखर करतात आणि हमाल अरुंद फळीवरून पोती खांद्यावर घेऊन चढतात. कामात असलेल्यांच्या वाटेत उभे राहू नये, छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, आणि कोणी गलबतावर बोलावले तर परतताना थोडे पैसे द्यावे लागतील हे गृहीत धरावे.

तिथून दहा मिनिटांच्या चालीवर मनारा शाहबांदार हा १८३९ मध्ये बांधलेला टेहळणीचा मनोरा आहे. बंदरात येणाऱ्या जहाजांवर इथून लक्ष ठेवले जाई. शाहबांदार म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतला शहाबंदरच. फारसीतून निघालेला हा हुद्दा हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर सारखाच रुजला. मनोरा एका बाजूला झुकलेला आहे, कारण खालची जमीन खचते आहे. हे पुढे वारंवार दिसणार आहे, म्हणून इथेच नीट पाहून घ्यावे. शेजारी डच ईस्ट इंडिया कंपनीची गोदामे आहेत. १६५२ पासून ती टप्प्याटप्प्याने बांधली गेली आणि तिथे जायफळ, मिरी, कॉफी, चहा व कापड साठवले जाई. १९७७ पासून तिथे सागरी संग्रहालय आहे. जानेवारी २०१८ मध्ये आग लागून त्याचा काही भाग जळाला, तरी जाड भिंती आणि रुंद तुळया पाहण्यासाठी तरी आत जावेच. मसाल्याच्या व्यापाराविषयी वाचलेले पुष्कळ असते, मात्र त्या व्यापाराचे आकारमान ध्यानात येते ते या गोदामांत उभे राहिल्यावर.

कालीबसार या कालव्याच्या काठाने दक्षिणेकडे चालत गेल्यास वाटेत कोता इंतान हा उचलता लाकडी पूल लागतो, आणि त्यानंतर फताहिल्लाह चौक येतो. इथे थांबून १६१९ साल आठवावे. त्या वर्षी यान पीतरझोन कून या डच गव्हर्नर-जनरलने जयकर्ता जाळले आणि त्याच जागी बटाव्हिया उभारले. त्याने किल्ला, तट आणि काटकोनात छेदणारे कालवे अशी हॉलंडच्या धर्तीची आखणी केली. हॉलंडच्या थंड हवेत शोभणारे कालवे विषुववृत्ताजवळ, गाळ आणि मैल्याने तुंबलेल्या अवस्थेत, डासांचे माहेर बनले. अठराव्या शतकात इथला मृत्युदर इतका वाढला की युरोपातून आलेले शिपाई आणि कारकून वर्षाच्या आतच दगावू लागले. कॅप्टन कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज १७७० मध्ये दुरुस्तीसाठी इथे थांबले होते. अर्ध्या जगाच्या प्रवासात निभावलेले त्याचे खलाशी इथल्या हिवतापाने आणि हगवणीने गेले.

चौकातील मोठी पांढरी इमारत म्हणजे १७१० मध्ये पूर्ण झालेली नगरकचेरी. आता ते शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरील फर्निचरपेक्षा तळघरातील कोठड्यांना अधिक वेळ द्यावा. त्यांची छते इतकी बुटकी आहेत की कैद्याला ताठ उभे राहता येत नसे. डचांविरुद्ध १८२५ ते १८३० असे पाच वर्षे युद्ध चालवणाऱ्या राजपुत्र दिपोनगोरोला हद्दपारीच्या वाटेवर याच इमारतीत ठेवले होते. चौकाच्या पश्चिमेला वायांग, म्हणजे बाहुल्यांच्या खेळाचे, संग्रहालय आहे. तिथे कातडी बाहुल्यांतले अर्जुन, भीम आणि घटोत्कच पाहताना नावे ओळखीची वाटतात, पण रूपे नाहीत. जावातल्या भीमाच्या अंगठ्याचे पंजासारखे लांब नख आपल्याकडे कुठे दिसत नाही.

उन्हे उतरल्यावर रेल्वे स्थानकाकडे वळावे. जकार्ता कोता हे १९२९ मध्ये उघडलेले स्थानक वास्तुकार फ्रान्स खाइसल्स याने आर्ट डेको शैलीत बांधले. तिथून दक्षिणेला चालत दहा-पंधरा मिनिटांवर ग्लोदोक ही चिनी वस्ती आहे. ऑक्टोबर १७४० मध्ये बटाव्हियाच्या तटाआत हजारो चिनी रहिवाशांची कत्तल झाली आणि उरलेल्यांना तटाबाहेर या ठिकाणी वसवण्यात आले. मे १९९८ च्या दंगलीतही हीच वस्ती होरपळली, आणि त्याच महिन्यात सुहार्तो यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावे लागले. आज पतक सम्बिलान या गल्लीतला बाजार, औषधी मुळ्यांची दुकाने आणि १६५० च्या सुमारास स्थापलेले जिन द युआन मंदिर पाहता येते. हे मंदिर २०१५ च्या आगीत मोठ्या प्रमाणात जळाले होते.

दुसरा दिवस: कालव्याच्या काठाने मध्यापर्यंत

दुसऱ्या दिवशी कोताहून पहिल्या मार्गाची बस पकडून दक्षिणेकडे निघावे. बस ज्या रस्त्यावरून जाते त्याच्या दोन बाजूंना दोन नावे आहेत, गाजा मादा आणि हायाम वुरुक. ही मजापहित या जावातील जुन्या साम्राज्याच्या महामंत्र्याची आणि राजाची नावे. दोहोंच्या मधोमध एक कालवा वाहतो. चिनी समाजाचा प्रमुख फोआ बेंग गान याने तो १६४८ मध्ये खणला. त्या काळी त्यातून ऊस आणि लाकूड वाहून आणत. पुढे याच कालव्याच्या काठाने श्रीमंत डच लोक रोगट तटबंदी सोडून आत राहायला गेले, आणि १८०८ मध्ये आलेल्या गव्हर्नर-जनरल दान्देल्सने जुना किल्लाच पाडून सरकारी केंद्र दक्षिणेला हलवले. बसच्या खिडकीतून पाऊण तासात दिसणारे हे अंतर शहराने तोडायला दीडशे वर्षे घेतली.

राष्ट्रीय संग्रहालय या दिवसाचा गाभा आहे. दारात कांस्याचा हत्ती आहे, सयामचा राजा चुलालोंगकोर्न याने १८७१ मधील भेटीनंतर दिलेला. त्यावरून या इमारतीला ‘गदुंग गाजा’ म्हणतात. सप्टेंबर २०२३ मध्ये आग लागल्यामुळे ते वर्षभर बंद होते आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. शिल्पे पुष्कळ आहेत, पण वेळ थोडा असेल तर एक अंड्याच्या आकाराचा दगड शोधावा. तो तुगू शिलालेख. पाचव्या शतकात पश्चिम जावावर तारुमानगर राज्याचा राजा पूर्णवर्मन राज्य करत होता. त्याने आपल्या कारकिर्दीच्या बाविसाव्या वर्षी गोमती नावाचा ६,१२२ धनुष्ये लांबीचा कालवा एकवीस दिवसांत खणला आणि ब्राह्मणांना हजार गायी दिल्या, असे पल्लव लिपीतील संस्कृत श्लोकांत कोरले आहे. त्यातच आधीच्या राजाने खणलेल्या दुसऱ्या नदीचा उल्लेख येतो, आणि तिचे नाव आहे चंद्रभागा. पंढरीच्या वाटेवरचे नाव जकार्ताच्या दगडावर वाचताना क्षणभर थबकायला होते. बकासी या आजच्या उपनगराचे नाव याच चंद्रभागेवरून आले असावे, असे भाषापंडित पूर्बाचाराका यांनी मांडले. शिलालेख सापडला तो उत्तर जकार्तातील तुगू गावात, आजच्या मोठ्या बंदराजवळ. या भागात पाणी वळवण्यासाठी माणसे किमान दीड हजार वर्षे खणत आली आहेत, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

संग्रहालयासमोर मर्देका मैदान पसरले आहे आणि मधोमध १३२ मीटर उंचीचा मोनास हा राष्ट्रीय स्तंभ उभा आहे. त्याचे बांधकाम पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या काळात १९६१ मध्ये सुरू झाले. वर जाण्याच्या रांगेत दोन तास मोडू शकतात. माझ्या मते ते कोपऱ्यावरच्या अर्जुन आणि कृष्णाच्या रथशिल्पापाशी घालवावेत. भर वाहतुकीत उभे असलेले हे शिल्प १९८७ चे आहे. मैदानाच्या ईशान्येला इस्तिकलाल मशीद आहे. १९७८ मध्ये खुल्या झालेल्या या मशिदीचा आराखडा फ्रेडरिक सिलाबान या ख्रिस्ती वास्तुकाराने केला. रस्त्यापलीकडे १९०१ चे कॅथलिक कॅथीड्रल आहे, आणि या दोहोंना जोडणारा भुयारी मार्गही आता झाला आहे. मशिदीत इतर धर्मीयांना प्रवेश मिळतो; पादत्राणे काढावीत, गुडघे व खांदे झाकलेले असावेत, शुक्रवारची दुपार टाळावी. पायी जवळच पासार बारू हा १८२० पासूनचा बाजार आहे, तिथे सिंधी व्यापाऱ्यांची कापडाची जुनी दुकाने आढळतात.

‘मर्देका’ म्हणजे स्वातंत्र्य. हा शब्द ‘महर्द्धिक’ या संस्कृत शब्दापासून आला, आणि जावात तो आधी करमुक्त किंवा बंधमुक्त माणसासाठी वापरला जाई. १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली ती इथून काही किलोमीटरवर, पगांगसान तिमुर रस्त्यावरील एका घराच्या ओसरीतून. ते घर पुढे पाडले गेले, आता तिथे स्मारक आहे.

तिसरा दिवस: मोठे बंदर आणि बुडता किनारा

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींची ये-जा वाढली. सुंदा कलापाच्या उथळ पाण्यात त्या शिरू शकत नसत. माल होड्यांतून उतरवावा लागे. म्हणून १८७७ मध्ये पूर्वेला तान्जुंग प्रियोक येथे नव्या बंदराचे काम सुरू झाले. ‘प्रियोक’ म्हणजे भात शिजवण्याचे मडके. इंडोनेशियाच्या आयात-निर्यातीचा मोठा भार आजही हेच बंदर वाहते आणि देशातील सर्वांत गजबजलेले बंदर तेच आहे. कंटेनरच्या गोद्यांत पर्यटकांना प्रवेश नाही, तेव्हा दारावर हुज्जत घालू नये. पाहण्यासारखे आहे ते १९२५ मध्ये उघडलेले तान्जुंग प्रियोक रेल्वे स्थानक. आगबोटीने उतरणाऱ्या युरोपीयांच्या डोळ्यांत भरावे म्हणून बांधलेल्या या भव्य स्थानकात आज थोड्याच लोकल गाड्या येतात. तिथून तुगू गाव गाठावे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील प्रदेशांतून, त्यात हिंदुस्थानचा किनाराही आला, गुलाम म्हणून आणलेल्या आणि पुढे मुक्त झालेल्या लोकांचे वंशज इथे वसले. डच त्यांना ‘मार्दायकर’ म्हणत; कालचा महर्द्धिक इथे पुन्हा भेटतो. अठराव्या शतकातले छोटे चर्च आणि क्रोंचोंग हे त्यांचे संगीत त्यांनी जपले आहे.

दुपारनंतर पश्चिमेकडे मुआरा बारूला यावे, आणि शक्य असल्यास भरतीच्या वेळी. इथे समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये एक काँक्रीटची भिंत आहे. भिंतीवर उभे राहिले की एका बाजूला समुद्राची पातळी दिसते आणि दुसऱ्या बाजूला, तिच्याहून खाली, घरांची छपरे. भिंतीपलीकडे पाण्यात अर्धवट बुडालेली वाल अधुना मशीद उभी आहे. नळाचे पाणी सगळीकडे पोहोचलेले नसल्याने घरे, हॉटेले आणि कारखाने खोल विहिरींतून भूजल उपसत राहिले, वरून इमारतींचा भार वाढला आणि मऊ गाळाची जमीन खचत गेली. काही ठिकाणी एकेकाळी वर्षाला २५ सेंटिमीटरपर्यंत खच नोंदवली गेली, आणि शहराचा सुमारे ४० टक्के भाग आता समुद्रसपाटीखाली आहे. राजधानी कालिमंतानमधील नुसांतारा येथे हलवण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला आणि त्याचा कायदा २०२२ मध्ये झाला. या भिंतीवर उभे राहिल्यावर त्याची कारणे वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. ही कोळी आणि मजूर लोकांची राहती वस्ती आहे, तमाशा नव्हे. दोघे-तिघेच जावे, घरांत डोकावू नये, अंधार पडण्यापूर्वी परतावे.

ज्यांना वस्तीत जाणे प्रशस्त वाटत नाही त्यांनी त्याऐवजी बोटीने ओनरुस्त बेटावर जावे. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजदुरुस्तीची गोदी तिथे होती आणि कुकच्या जहाजाची डागडुजी तिथेच झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजच्या यात्रेकरूंना तिथे विलग ठेवत.

चौथा दिवस आणि दक्षिण

दक्षिणेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बुंदारान हा-ई चौकातील स्वागतशिल्प, तिथले मोठे हॉटेल आणि सनायानचे क्रीडागार ही सारी १९६२ च्या आशियाई खेळांसाठी झालेली बांधकामे. त्याच क्रीडागारात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले होते. मेट्रोने एकदा शेवटपर्यंत जाऊन यावे. चौथा दिवस रविवार असेल तर सकाळी सुदिरमान-तामरिन हा मुख्य रस्ता गाड्यांसाठी बंद असतो, तेव्हा तो पायी पालथा घालता येतो. सोमवार ते शुक्रवार गर्दीच्या वेळी तिथे गाडीच्या क्रमांकाचा सम-विषम नियम लागू असतो. २०१६ पूर्वी एका गाडीत किमान तिघे हवेत असा नियम होता, आणि त्यामुळे पैसे घेऊन गाडीत नुसते बसणाऱ्या ‘जोकीं’चा एक धंदाच उभा राहिला होता.

खाण्याविषयी

‘वारतग’ या छोट्या खानावळींत काचेच्या कपाटात पदार्थ मांडलेले असतात. बोट दाखवावे आणि भातासोबत घ्यावे. शाकाहारी माणसाचे टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, आणि शेंगदाण्याच्या रश्शातले गादो-गादो (भाज्या) व कतोप्राक (टोफू आणि भाताच्या वड्या) यांवर निभते, परंतु चटणीत आणि शेंगदाण्याच्या रश्शातही ‘तरासी’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, असू शकतो. म्हणून ‘तान्पा तरासी’, अर्थात तरासीशिवाय, असे आधीच सांगावे, आणि वरून घातलेला कुरकुरीत ‘क्रुपुक’ही बहुधा कोळंबीचाच असतो हे लक्षात ठेवावे. बटावी लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ शहरवासीयांचा, ‘करक तलोर’ हा चिकट तांदूळ व अंड्याचा पदार्थ कोळशावर कढई उलटी करून भाजतात; अंडे खाणाऱ्यानेही त्यात सुकी कोळंबी असते हे विचारात घ्यावे. नळाचे पाणी पिऊ नये.

पाऊस लागला तर

शहरात ऊन असतानाही पूर येऊ शकतो, हे नवख्याला पटत नाही. दक्षिणेला बोगोरच्या डोंगरात पाऊस पडला की काही तासांनी ते पाणी चिलिवुंगमधून शहरात उतरते; त्याला ‘बान्जिर किरिमान’, म्हणजे पाठवलेला पूर, असे नेमके नाव आहे. म्हणून लोक बोगोरच्या कातुलाम्पा बंधाऱ्यावरील आणि शहरातील मंगराई जलदरवाजावरील पाण्याच्या पातळीच्या बातम्या ऐकत असतात. ‘सियागा’ हा इशाऱ्याचा शब्द. त्याच्यापुढचा आकडा जितका लहान तितका धोका मोठा, सियागा १ सर्वांत गंभीर. फेब्रुवारी २००७ च्या पुरात निम्म्याहून अधिक शहर पाण्याखाली गेले, आणि १ जानेवारी २०२० रोजी हालिम येथे एका दिवसात ३७७ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवशी उत्तरेकडचा बेत रद्द करावा आणि मेट्रोच्या जवळपास राहावे.

परतीच्या दिवशीही हाच हिशेब ठेवावा. सुकार्नो-हत्ता विमानतळ शहराच्या पश्चिमेला, हद्दीबाहेर आहे आणि तिकडे जाणारा द्रुतगती मार्ग किनाऱ्यालगतच्या दलदलीतून जातो. त्या रस्त्याला सदियात्मो या अभियंत्याचे नाव दिले आहे. मऊ जमिनीत रुतून बसणारा, कोंबडीच्या पंजासारखा ‘चाकार आयाम’ पाया त्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी शोधून काढला होता. तरीही फेब्रुवारी २००८ मध्ये हा रस्ता पाण्याखाली गेला आणि विमानतळाची वाट बंद पडली. कोरड्या दिवशी मोटारीने जायचे तर उड्डाणाच्या चार तास आधी निघावे. आकाश भरून आले असेल तर सुदिरमान भागातून जाणारी विमानतळाची रेल्वेगाडी धरावी.